निवळी परत तळ्यात: शैवालाचे इंधन, फिरते पाणी आणि नांदेड-लातूर

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून निघालेली पाण्याची गाडी लातूरला पोहोचली. पहिल्या फेरीत १० वाघिणी होत्या आणि पाणी होते ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी धावू लागली आणि एका फेरीत २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. तो उन्हाळा ज्यांनी काढला, त्यांना ‘जलदूत’ हे गाडीचे नाव आजही विसरता येत नाही.

हा आढावा शैवालापासून इंधन काढण्याचा आहे. त्यातही तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरण्याचा प्रश्न आज कुठे येऊन ठेपला आहे, हे पाहायचे आहे. सुरुवात त्या गाडीपासून करण्याला कारण आहे. शैवालाची उघडी तळी साधारण २५ सेंटिमीटर खोल ठेवतात. असे एक हेक्टर तळे एकदा भरायला २५ लाख लिटर पाणी लागते, म्हणजे जलदूतची पूर्ण भरलेली एक गाडी. मराठवाड्यात या विषयावर बोलताना हे माप हाताशी ठेवावे.

एक किलो शेवाळ, दोन हजार लिटर पाणी

पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म शेवाळाच्या पेशींत तेल साठते. काही जातींत कोरड्या वजनाच्या २० ते ३० टक्के, उपासमार केली तर त्याहूनही जास्त. शेतातल्या तेलबियांना चार महिने लागतात. शेवाळ काही दिवसांत दुप्पट होते आणि रोज थोडे थोडे काढता येते. कर्बवायू ते भरपूर खाते. एक किलो कोरडे शेवाळ तयार होताना सुमारे १.८ किलो कर्बवायू बांधला जातो. सुपीक जमीन लागत नाही, खाण्याचे पीक हटवावे लागत नाही. या गुणांमुळेच जगभर त्याच्याकडे आशेने पाहिले गेले.

अडचण पातळपणात आहे. उघड्या तळ्यातले पाणी गर्द हिरवे दिसते, पण लिटरभर पाण्यात कोरडे शेवाळ असते जेमतेम अर्धा ग्रॅम. पांढऱ्या पंचातून असे एक लिटर पाणी गाळून पाहावे. बारीक जातींचे बरेच शेवाळ पंचातून निसटून जाते आणि जे अडकते ते वाळल्यावर चिमूटभरही भरत नाही. म्हणजे एक किलो शेवाळ मिळवायला २,००० लिटर पाणी गाळावे लागते. त्यात पाचवा हिस्सा तेल धरले तर एक किलो तेलासाठी १०,००० लिटर.

शेवाळ वेगळे केल्यावर जी निवळी उरते, ती टाकून द्यायची की तळ्यात परत सोडायची, या साध्या प्रश्नातून हा सगळा वाद उभा राहिला आहे. निवळीत न वापरलेले नत्र, स्फुरद आणि सूक्ष्म द्रव्येही असतात. ती फेकली तर पाण्याबरोबर खतही जाते आणि फेकलेल्या जागी नवे प्रदूषण तयार होते. म्हणून ती परत घ्यावी यावर फारसे दुमत नाही. मतभेद आहेत ते किती वेळा घ्यावी, कोणत्या किमतीला घ्यावी आणि त्याने पाण्याचा प्रश्न खरोखर किती सुटतो, यावर.

मागचा प्रवास

कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठातले विल्यम ऑस्वाल्ड १९५० च्या दशकात शहराचे सांडपाणी उथळ तळ्यांत फिरवून शेवाळाकडून स्वच्छ करून घेत होते. त्या शेवाळापासून बायोगॅस आणि त्यातून वीज, ही कल्पना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६० मध्ये मांडली. म्हणजे या शास्त्राची सुरुवातच सांडपाण्यातून झाली, हे आज विसरायला होते. अंडाकृती वळणाचे, चाकाने पाणी ढकलत ठेवणारे जे तळे आज सगळीकडे दिसते, ते त्या कामातूनच आले.

तेलसंकटानंतर अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ मध्ये शैवालावर मोठा संशोधन कार्यक्रम सुरू केला. तो १९९६ मध्ये बंद झाला आणि १९९८ मध्ये त्याचा समारोपाचा अहवाल आला. शेवाळ तेल देते, उघड्या तळ्यात ते वाढवताही येते, पण खनिज तेलाच्या भावाशी त्याचा मेळ बसत नाही, असा त्याचा सूर होता. २००५ नंतर तेल महागले तशी दुसरी लाट आली. एक्सॉन कंपनीने २००९ मध्ये ६० कोटी डॉलरपर्यंत खर्चाची घोषणा केली आणि २०२३ च्या सुमारास ती या क्षेत्रातून बाहेर पडली. दरम्यान शैवाल-इंधनासाठी निघालेल्या अनेक लहान कंपन्या खाद्यपूरक, रंगद्रव्ये आणि पशुखाद्याकडे वळल्या.

भारतात भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने शैवालाच्या बायोडिझेलवर गाडी चालवून दाखवली. रिलायन्सने जामनगर परिसरात प्रायोगिक तळी उभारली. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात शैवालाला प्रगत इंधनांच्या कच्च्या मालात स्थान मिळाले. भावनगर आणि जामनगर ही दोन्ही ठिकाणे समुद्राजवळची आहेत, ही गोष्ट पुढे कामाची ठरणार आहे.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला जैवइंधनाची दुसरी एक आठवण आहे. २००३ च्या सुमारास मोगली एरंडाचा गाजावाजा झाला. पडीक जमिनीवर, कमी पाण्यात, बायोडिझेल. कमी पाण्यात झाड जगले, पण बी धरले नाही. शैवालाचा प्रस्ताव त्याच भाषेत पुन्हा आला तर लोकांनी पाण्याचा हिशेब आधी मागावा, हे रास्तच आहे.

आकड्यांचा वाद

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा हवाला या विषयावर सर्वांत जास्त दिला जातो. गोडे पाणी वापरून आणि निवळी परत न घेता एक किलो शैवाल-बायोडिझेल करायला ३,७२६ किलो पाणी लागते, असे त्यात निघाले. निवळी परत घेतली तर पाण्याची गरज ८४ टक्क्यांनी आणि खताची ५५ टक्क्यांनी कमी होते. समुद्राचे पाणी किंवा सांडपाणी वापरले तर गोड्या पाण्याची गरज ९० टक्क्यांनी कमी होते. पुनर्वापराच्या बाजूने बोलणारे सारे या ८४ टक्क्यांवर उभे आहेत, आणि आकडा भक्कम आहे.

पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले. एक लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा देणाऱ्या शैवाल-इंधनासाठी कोणी ३.१५ लिटर पाणी सांगत होते, तर कोणी ३,६५० लिटर. खनिज तेलापासून पेट्रोल करायला १.९ ते ६.६ लिटर लागते. हजारपटींचे अंतर चुकीच्या मोजमापाने पडत नाही. प्रत्येकाने वेगळे तळे, वेगळे हवामान धरले होते. कोणी निवळी परत घेतली होती, कोणी नव्हती. काहींनी बाष्पीभवन धरले, काहींनी सोडून दिले.

तिसरा अभ्यास अमेरिकेतल्याच पॅसिफिक नॉर्थवेस्ट प्रयोगशाळेचा, २०११ चा. त्यांनी देशभरातल्या जागांचे हवामान पाहून हिशेब मांडला. सरसकट कुठेही तळी खणली तर एक लिटर तेलामागे सरासरी १,४२१ लिटर पाणी खर्ची पडते. दमट, पाऊस बरा असलेल्या जागाच निवडल्या तर ते ३५० लिटरवर येते. माझ्या मते या तिन्हींत नांदेड-लातूरकरांना सर्वांत उपयोगी अभ्यास हाच आहे, कारण यंत्र तेच ठेवून नुसती जागा बदलल्याने पाण्याचा खर्च चौपट होऊ शकतो, हे त्यात उघड दिसते.

फिरवलेल्या पाण्यात काय साठते

जीवशास्त्रज्ञांचा आक्षेप वेगळा आहे. निवळी दिसायला स्वच्छ असली तरी ती कोरी नसते. शेवाळ वाढताना पाण्यात साखरेसारखे पदार्थ, प्रथिनांचे तुकडे, स्निग्धाम्ले सोडते. १९४० च्या दशकात रॉबर्ट प्रॅट यांनी क्लोरेला शेवाळातून पाण्यात उतरणारा, जीवाणूंना रोखणारा एक पदार्थ दाखवला आणि त्याला ‘क्लोरेलिन’ म्हटले. दाटी झाली की हे शेवाळ स्वतःचीही वाढ रोखते, हे त्या काळच्या प्रयोगांतच दिसले होते. बंद भांड्यात ही गोष्ट थोडी असते. तेच पाणी दहा-वीस वेळा फिरवले की ती साठत जाते.

फ्लॉरेन्सच्या संशोधकांनी २००३ मध्ये नॅनोक्लोरोप्सिस या सागरी शेवाळावर काम करून दाखवले की परत वापरलेल्या पाण्यात उत्पादन घटते आणि पेशींच्या कवचांचे तुकडे साचून गुठळ्या होतात. दुसरीकडे क्लोरेलाच्या काही प्रयोगांत संतुलित खत दिले तर निवळी परत घेऊनही वाढ टिकली. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातून २०१७ मध्ये अशा अनेक प्रयोगांची तुलना प्रसिद्ध झाली. काही ठिकाणी वाढ घटली, काही ठिकाणी फरक पडला नाही, क्वचित वाढ सुधारलीही. जातीवर, गाळण्याच्या पद्धतीवर आणि किती वेळा फिरवले यावर सगळे अवलंबून होते. आजची स्थिती हीच आहे. ‘फिरवलेले पाणी चालते का?’ याला एकच उत्तर नाही, जातीगणिक उत्तर बदलते.

शेवाळ वेगळे करण्याची पद्धत पाण्याचे पुढचे आयुष्य ठरवते. आपल्याकडे पावसाळ्यात गढूळ पाणी आले की हंड्यात तुरटी फिरवतात आणि गाळ तळाशी बसतो. शेवाळही तुरटीने किंवा लोहक्षारांनी खाली बसवता येते. ही पद्धत स्वस्त आहे. पण तुरटीतले ॲल्युमिनियम निवळीत आणि शेवाळाच्या लगद्यात उतरते, आणि पाण्यातले स्फुरदही बांधून खाली नेते. मग परतलेल्या पाण्यात स्फुरद पुन्हा विकत घेऊन घालावे लागते. रसायन टाळायचे तर सेंट्रिफ्यूज. त्याला हजार लिटर पाण्यामागे साधारण एक युनिट वीज लागते, कित्येकदा त्याहून बरीच जास्त. एक किलो शेवाळासाठी दोन हजार लिटर, म्हणजे दोन युनिट. त्या किलोतून निघणाऱ्या २०० ग्रॅम तेलातली सगळी ऊर्जा मोजली तर तीही दोन युनिटांच्या आसपासच भरते. पाणी शुद्ध परत मिळाले, पण इंधन गाळण्यातच संपले. म्हणून आता बहुतेक जण आधी नैसर्गिकपणे बसू देणे, मग उरलेल्या घट्ट लगद्यापुरतेच यंत्र, अशा दोन टप्प्यांकडे वळले आहेत.

फिरत्या पाण्याबरोबर जीवाणू, विषाणू आणि शेवाळ खाणारे सूक्ष्म प्राणीही परत येतात. उघड्या तळ्यात असा एखादा प्राणी माजला की हिरवे पाणी तीन-चार दिवसांत तपकिरी होते. ओझोन, अतिनील दिवे, कोळशाची गाळणी हे उपाय प्रयोगशाळेत चालतात. इंधनाच्या भावात ते बसवून दाखवलेले नाहीत.

या सगळ्याला स्पिरुलिना हा मोठा अपवाद आहे. त्याचे लांब वळणदार धागे साध्या कापडावर अडकतात आणि गाळलेले पाणी लगेच हौदात परत सोडतात. चेन्नईच्या मुरुगप्पा चेट्टियार संशोधन केंद्राने खेड्यातल्या बायकांना हे काम शिकवले होते. अल्कलीयुक्त, सोड्याच्या पाण्यात ते वाढते आणि त्या पाण्यात दुसरे फारसे काही टिकत नाही. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर हे याचे आपल्या शेजारचे उदाहरण. तिथल्या खारट अल्कली पाण्यात निळे-हिरवे शेवाळ शतकानुशतके वाढत आले आहे. पण स्पिरुलिनात तेल कमी आणि प्रथिने जास्त, त्यामुळे इंधनापेक्षा अन्नासाठी ते बरे. पाणी फिरवायला सर्वांत सोपी जात इंधनाला सर्वांत कमी उपयोगाची निघावी, ही या क्षेत्राची खरी अडचण आहे.

उडून जाणारे पाणी

आता नांदेड-लातूरकडे यावे. लातूरला वर्षाचा पाऊस साधारण ७५० ते ८०० मिलिमीटर. उघड्या पाण्यावरून वर्षभरात उडून जाणारे पाणी त्याच्या दुपटीहून जास्त. मे महिन्यात दिवसाला १० मिलिमीटर पाणी उडणे नवलाचे नाही. शेततळे असलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला ही गोष्ट ठाऊक आहे. ३० बाय ३० मीटरच्या तळ्यातून मे महिन्यात रोज नऊ हजार लिटर पाणी कोणीही न उपसता जाते. प्लास्टिक अंथरून पाझर थांबवता येतो, ऊन थांबवता येत नाही.

हेच माप शैवालाच्या एक हेक्टर तळ्याला लावू. दिवसाला दर चौरस मीटरला १५ ग्रॅम शेवाळ, हे चांगले उत्पादन मानतात. म्हणजे हेक्टरी रोज १५० किलो, तेल ३० किलो. त्यासाठी रोज ३ लाख लिटर पाणी गाळावे लागेल. ती सगळी निवळी परत घेतली, थेंबही वाया घालवला नाही, तरी मे महिन्यात १ लाख लिटर उडून जाईल. २५ दिवसांत जलदूतची पूर्ण गाडी रिकामी. वर्षाची सरासरी रोज ५ ते ६ मिलिमीटर धरली तर एक किलो तेलामागे १,७०० ते २,००० लिटर पाणी नुसत्या बाष्पीभवनाचे होते. तळ्यावर थेट पडणारा पाऊस त्यातून वजा करावा, पण पावसाळ्यात तळे ओसंडते तेव्हा त्यातला काही भाग वाहूनही जातो.

निवळी परत घेतल्याने वाचतात ते गाळलेले तीन लाख लिटर. उडणाऱ्या एक लाखाला त्याने हात लागत नाही. ८४ टक्क्यांचा आकडा खरा असूनही तो मराठवाड्यात जसाच्या तसा आणता येत नाही, तो यामुळे.

तुलना उसाशी होणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यात उसापासून एक लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी धरले आहे. त्या मानाने शैवालाचे तेल पाण्यात काहीसे स्वस्त पडते, आणि तेलात इथेनॉलपेक्षा ऊर्जाही जास्त. पण हेक्टरी हिशेब मांडला तर उघडे तळे वर्षाला जवळपास उसाच्या फडाइतके पाणी घेते. मराठवाड्यात ऊस कमी करावा, अशी शिफारस २०१९ मध्ये विभागीय आयुक्तांच्या पातळीवरून झाली होती. ज्या प्रदेशात उसाच्या पाण्यावर असा वाद आहे, तिथे त्याच तहानेचे दुसरे पीक आणताना शब्द जपून वापरायला हवेत.

बाष्पीभवनाबरोबर दुसरी गोष्ट मागे राहते, ती म्हणजे क्षार. वाफ शुद्ध पाण्याची होते, क्षार तळ्यातच उरतात. समजा बोअरच्या पाण्यात लिटरला एक ग्रॅम क्षार आहेत. २५ सेंटिमीटरचे तळे, रोज एक सेंटिमीटर उडते आणि तेवढेच बोअरचे पाणी भरले जाते. २५ दिवसांत क्षार दोन ग्रॅम, १०० दिवसांत पाच ग्रॅम. निवळी जितकी इमानदारीने परत घ्यावी तितके ते साठत जातात, कारण बाहेर जायला वाटच उरत नाही. गोड्या पाण्यातली शेवाळे यात मंदावतात. मग काही पाणी काढून टाकावेच लागते.

ते टाकायचे कुठे? भावनगर-जामनगरला समुद्र आहे. लातूरला तावरजा, मांजरा, तेरणा या नद्या आहेत, नांदेडला गोदावरी, आणि चारी बाजूंना काळी जमीन. काळ्या मातीत सोडियम साठले की ती चोपण होते आणि ती सुधारायला वर्षे जातात. क्षारांचे हे पाणी खारटपणा सोसणाऱ्या दुसऱ्या शेवाळाच्या तळ्यात क्रमाने न्यावे, शेवटी उन्हात आटवून मीठ वेगळे करावे, अशी सूचना काही अभियंते करतात. ती विचार करण्यासारखी आहे. पण त्यासाठी लागणारी अस्तराची तळी आणि उरलेल्या मिठाची विल्हेवाट यांचा खर्च प्रकल्पाच्या पहिल्या पानावर असायला हवा.

सांडपाणी आणि कारखान्याचे पाणी

गोडे पाणी नाही म्हटल्यावर उरते ते वापरलेले पाणी. या विचाराचे लोक म्हणतात, इंधन हे दुय्यम उत्पादन माना, मुख्य काम पाणी स्वच्छ करण्याचे. मग तळ्याचा खर्च सांडपाणी प्रक्रियेच्या खात्यात जातो. स्पेनमध्ये कादिसजवळच्या चिक्लाना गावी युरोपीय संघाच्या मदतीने सांडपाण्यावर शेवाळ वाढवून त्याचा बायोगॅस केला आणि त्यावर गाड्या चालवल्या. न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चला पाच हेक्टरची अशी तळी होती. तमिळनाडूत रानीपेटला एका कारखान्याचे सांडपाणी शेवाळाने हाताळण्याचा प्रयोग २००६ पासून गाजला.

नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत सांडपाणी आहे आणि त्याची विल्हेवाट हा जुना प्रश्न आहे. नांदेडच्या नाल्यांचे पाणी गोदावरीत मिसळल्याची तक्रार दरवर्षी होते. त्या पाण्यातले नत्र-स्फुरद शेवाळाला फुकट मिळेल. पण येथेही ऊन हिशेबात घ्यावे लागते. सांडपाण्यात लिटरला ५० मिलिग्रॅम नत्र धरले तर एक कोटी लिटरमध्ये ते ५०० किलो होते. शेवाळात ८ टक्के नत्र असते, म्हणून त्यातून सव्वासहा टन शेवाळ निघेल. त्याला ४२ हेक्टर तळी लागतील आणि मे महिन्यात त्या एक कोटीतले ४२ लाख लिटर उडून जातील. बदल्यात फार तर साडेबाराशे किलो तेल, आणि सांडपाण्यावरच्या मिश्र शेवाळात तेल कमी असते म्हणून प्रत्यक्षात त्याच्या निम्मे.

त्या सांडपाण्यावर हक्क सांगणारे आधीच रांगेत आहेत. नाल्याकाठचे शेतकरी ते उपसून भाजी आणि चारा पिकवतात. औष्णिक वीज केंद्रांनी ५० किलोमीटरच्या आतले प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरावे, असे केंद्राच्या २०१६ च्या धोरणात आहे, आणि पाण्याअभावी परळीचे केंद्र २०१५ मध्ये बंद ठेवावे लागले होते, हे मराठवाड्याला माहीत आहे. औद्योगिक वसाहतींनाही तेच हवे आहे. शैवालाच्या तळ्यातून बाहेर पडणारे पाणी नत्र कमी झालेले, स्वच्छ, पण प्रमाणाने घटलेले आणि क्षाराने वाढलेले असेल. खालच्या शेतकऱ्याला ते चालेल का, हे त्यालाच विचारावे लागेल.

साखर कारखान्यांची बाजू जास्त आशादायक आहे, आणि जास्त गुंतागुंतीचीही. दोन्ही जिल्ह्यांत कारखाने आहेत, त्यांतल्या काहींना डिस्टिलरी, म्हणजे आसवन्या, जोडलेल्या आहेत. आसवनीत एक लिटर अल्कोहोलमागे पाऊण किलो जवळपास शुद्ध कर्बवायू सुटतो. दिवसाला ६० हजार लिटरची आसवनी ४५ टन कर्बवायू देते. तो २५ टन शेवाळाला पुरेल. उसात ७० टक्के पाणी असते. गाळपात रस आटवताना ते वाफेच्या रूपाने निघते आणि थंड करून परत मिळते. कारखाना नीट चालवला तर उसातलेच पाणी त्याला पुरते आणि थोडे शिल्लकही राहू शकते.

अडचण स्पेंटवॉशची, म्हणजे आसवनीतून निघणाऱ्या सांडपाण्याची. तो इतका काळा असतो की बोटभर खोलीखाली उजेड जात नाही, आणि सेंद्रिय भार प्रचंड. शेवाळ वाढवायला तो कित्येक पट पातळ करावा लागतो, आणि पातळ करायला स्वच्छ पाणी लागते. शिवाय केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नियमांनुसार आसवन्यांनी सांडपाणी बाहेर सोडायचेच नाही. त्यासाठी अनेकांनी स्पेंटवॉश आटवून बॉयलरमध्ये जाळण्याची व्यवस्था केली आहे आणि राखेतून पालाशही मिळतो. तिथे शेवाळासाठी खरे उपयोगी पाणी उरते ते स्पेंटवॉश आटवतानाच्या वाफेचे, म्हणजे कंडेन्सेट. त्यात क्षार नगण्य असतात. तळ्यातल्या क्षारांचा प्रश्न सोडवायला याहून चांगले भरीचे पाणी मराठवाड्यात दुसरे दिसत नाही. गाळप हंगाम नोव्हेंबर ते मार्च, तेव्हा बाष्पीभवनही मे महिन्याच्या मानाने बरेच कमी असते. उन्हाळ्यात तळी कोरडी ठेवून फक्त हंगामात चालवावीत, असा विचार मला पटतो. यंत्रे वर्षाचे सात महिने रिकामी राहतील, हा त्यावरचा आक्षेपही खरा आहे.

बंद नळ्या

काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बंद नळ्यांत शेवाळ वाढवले तर बाष्पीभवन थांबते, शेवाळही दाट होते, त्यामुळे गाळायचे पाणी घटते. पण ४२ अंशांच्या लातुरात बंद नळी तापते आणि शेवाळ मरते. गार ठेवायला नळ्यांवर पाणी फवारतात, तेही उडून जाते. भांडवल आणि वीज दोन्ही कित्येक पट. औषधी रंगद्रव्यांसाठी हे परवडते. इंधनासाठी आजवर कोणाला परवडलेले नाही.

काय अजून ठरायचे आहे

शेवाळाच्या उरलेल्या चोथ्याचे बायोगॅस करून त्याची स्लरी तळ्यात परत द्यावी, त्यात नत्र परत मिळते, यावर बहुतेकांचे एकमत आहे. ओला लगदा न वाळवता उच्च दाब-तापमानात त्याचे थेट तेल करण्याची पद्धतही पुढे आली आहे. तिच्यातून उरलेल्या पाण्यात नत्राबरोबर शेवाळाला घातक फिनॉलसारखे पदार्थ येतात. ते पाणी किती पातळ करून, किती वेळा परत देता येते, यावर काम चालू आहे.

आपल्याकडे उणीव आहे ती स्थानिक मोजमापाची. इथल्या जड, क्षारयुक्त पाण्यात, इथल्या धुळीत आणि उन्हात, निवळी सतत परत घेत जून ते मे असे पूर्ण वर्ष चालवलेल्या तळ्याचे आकडे हातात असल्याशिवाय कोणत्याही बाजूने ठाम बोलणे योग्य नाही. आणलेल्या परदेशी जातीपेक्षा इथल्याच हौदांत, नाल्यांत, लोणारच्या काठावर टिकलेल्या जाती जास्त चिवट निघतील, अशी माझी समजूत आहे. पण तीही तपासलीच पाहिजे. हे काम करायला नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि त्याचे लातूरचे उपकेंद्र आहे, विष्णुपुरीचे श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्थान आहे, परभणीच्या कृषी विद्यापीठाचे लातूरचे जैवतंत्रज्ञान महाविद्यालय आहे. शंभर चौरस मीटरचे एक तळे, एखाद्या सांडपाणी केंद्राच्या आवारात आणि एक आसवनीच्या कंडेन्सेटवर, पाण्याच्या मीटरसह. यापेक्षा मोठी सुरुवात लागत नाही.

तोपर्यंत शैवाल-इंधनाचा प्रस्ताव घेऊन कोणी महापालिकेकडे, कारखान्याकडे किंवा ग्रामसभेकडे आले, तर निवळी किती टक्के परत घेणार हे विचारून थांबू नये. मे महिन्यात रोज किती पाणी भरावे लागेल, ते कोणाच्या वाट्याचे असेल, आणि क्षार साठलेले पाणी कुठे सोडणार, ही तीन उत्तरे लेखी मागावीत.